नववीत शाळा सुटली, सतराव्या वर्षी केस लागली: आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा भाचा १७ वर्षं ४ महिन्यांचा. नववीत नापास झाला आणि शाळा सुटली. दोन वर्षं टपरीवर, टोळक्यात. गेल्या महिन्यात मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, पोलिसांनी चौघांना उचललं. १२ दिवस रिमांड होममध्ये होता, आता बाल न्याय बोर्डानं आईच्या ताब्यात दिलाय. भावजी म्हणतात गावी पाठवू, नाहीतर ओळखीच्या हवालदाराकडून एकदा चांगला दम देऊ. माझ्या बहिणीचं म्हणणं, पुन्हा शिकायला बसवू. पोरगं मनानं वाईट नाही हो. आम्ही नेमकं काय करावं?"

पोरगं मनानं वाईट नाही, हे वाक्य परिविक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे बोर्डासाठी पोराच्या घरची चौकशी करणारी अधिकारी म्हणून, मी जवळपास प्रत्येक घरात ऐकलं आणि बहुतेक घरांत ते खरंही होतं. पण त्या वाक्यानं माझ्या हाती कधी काही लागलं नाही. मी पोराच्या मनापेक्षा त्याचा दिवस बघायची. उठतो किती वाजता, दुपारी जेवतो कोणाकडे, रात्री अकराला फोन वाजला तर कोणाचा असतो. तुमच्या भाच्याचा दिवस दोन वर्षं रिकामा आहे आणि कुणीतरी तो भरतंय. तो माणूस कोण, हे आधी शोधा.

वस्तीतला भाई पोरांना काय देतो, ते कधी नीट बघितलंय का? गाडीत पेट्रोल, रात्रीची बिर्याणी, वाढदिवसाला रस्त्यावर केक. रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात येऊन उभा राहतो आणि "आपला पोरगा आहे" म्हणतो. त्याला पोराचं नाव ठाऊक असतं, आईच्या दुखण्याची तो चौकशी करतो. नववीच्या सत्तर पोरांच्या वर्गात मागच्या बाकावरच्या याच पोराचं नाव सरांना हजेरीपुरतं माहीत होतं. खरं सांगायचं तर भाई हा उत्तम मार्गदर्शक असतो, त्याची वसुली फक्त नंतर सुरू होते. कोयता घेऊन पुढे व्हायला तो सतरा वर्षांच्या पोरालाच सांगतो, कारण अल्पवयीनाला कायदा सांभाळून घेतो हे त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. या माणसाची जागा उपदेशानं भरत नाही. तितक्याच नेमानं हजर राहणारा दुसरा मोठा माणूसच ती भरू शकतो. आणि शिक्षण त्या माणसाच्या बोटाला धरून येतं, एकटं येत नाही.

पण आधी केस. कारण तारीख चुकली तर बाकीचं सगळं बोलणं वाया जातं.

बाल न्याय कायदा २०१५ चा, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. बोर्ड म्हणजे बाल न्याय मंडळ. त्यात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. ताबा देतानाचा कागद बघा, त्यावर कोणती कलमं आहेत ते वाचा. डोक्याला मार म्हटल्यावर बरेचदा खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागतं, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं ३०७, आताच्या भारतीय न्याय संहितेचं १०९, आणि घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. 'याला मोठ्यांच्या कोर्टात नेणार' असं कोणीतरी सांगतं. तसं नाही. सोळा वर्षांवरच्या मुलाला मोठ्यांसारखं चालवायचं की नाही हा प्रश्न फक्त निर्घृण गुन्ह्यांत येतो, म्हणजे ज्यात किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे त्यात. १०९ मध्ये अशी किमान शिक्षा नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आणि पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीनं ते कायद्यातही आलं. तेव्हा "मी आतून काम करून देतो" म्हणत बोर्डाच्या दारात घुटमळणाऱ्यांना पैसे देऊ नका. मुलांना वकील मोफत मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

परिविक्षा अधिकारी, ज्यांना पोरं 'पीओ मॅडम' म्हणतात, त्या घरी येतील किंवा बोलावतील. त्यांचा सामाजिक तपासणी अहवाल बोर्ड बारकाईनं वाचतं. त्यांच्यापासून काही लपवू नका. बाप दारू पितो तर पितो म्हणून सांगा. घरचे सगळं आलबेल सांगायचे तेव्हा अहवालात मला 'कारण समजले नाही' लिहावं लागायचं आणि नुकसान पोराचंच व्हायचं. बोर्ड समज देऊन सोडू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा लावू शकतं, तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर घरी ठेवू शकतं किंवा तेवढ्याच मुदतीसाठी विशेषगृहात, म्हणजे सुधारगृहात धाडू शकतं. (मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोघांचा जीव गेला आणि बोर्डानं त्याला निबंध लिहायच्या अटीवर जामीन दिला, तेव्हापासून बोर्ड म्हटलं की लोक 'तीनशे शब्दांचा निबंध' म्हणून हसतात. त्या एका आदेशावरून सगळ्या बोर्डांना तोलू नका. घरी ठेवून पोरगं मार्गाला लावता येतं यावर माझा विश्वास बसला तो बोर्डाच्याच साध्यासुध्या आदेशांमुळे.)

दोन गोष्टी भाच्याला स्वतःला कळायला हव्यात आणि त्या धमकीच्या सुरात सांगायच्या नाहीत. एक, या केसचा डाग कायमचा नाही. बोर्डात निकाली निघालेल्या केसमुळे नोकरीला वा शिक्षणाला अपात्रता येत नाही. चारित्र्य पडताळणीतही पोलिसांनी ती उघड करायची नसते. 'आता माझं काय होणार, नाव तर लागलंच' हा जो हताशपणा असतो ना, त्यातूनच दुसरा गुन्हा होतो. दोन, आठ महिन्यांनी तो अठराचा होईल. ही केस तेव्हाही बोर्डातच राहील, कारण घटनेच्या दिवशीचं वय धरतात. पण त्यानंतर नवं काही घडलं तर मोठ्यांचं कोर्ट आणि मोठ्यांचं कारागृह. कॅलेंडरवर ती तारीख त्यालाच खूण करू द्या.

आता हवालदाराचा दम. भावजींना रागावू नका, घाबरलेला बाप असंच बोलतो. पण हा प्रयोग जगात मोठ्या प्रमाणावर करून झालाय. १९७० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीच्या रॉवे तुरुंगात पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावायचा कार्यक्रम सुरू झाला आणि खूप गाजला. पुढे असे कार्यक्रम मोजून पाहिले, तेव्हा दरडावलेल्या पोरांनी न दरडावलेल्यांपेक्षा जास्तच गुन्हे केलेले निघाले. मला यात नवल वाटलं नाही. बारा दिवस आत राहून आलेल्या पोराला हवालदार आणखी कसली भीती दाखवणार? उलट टोळक्यात सांगायला त्याला एक गोष्ट मिळते.

गावी पाठवण्याबद्दल मी तितकी कठोर नाही. गावात त्याला कामाला जुंपणारा, रोज विचारपूस करणारा मामा असेल तर सहा महिन्यांत पोरगं बदललेलं मी बघितलंय. पण आजीच्या गळ्यात मारून यायचं असेल तर नको. फोन बरोबर जातोच, टोळकं फोनमध्येच असतं, आणि दिवाळीला परत आला की दुप्पट वेगानं त्यांच्यात मिसळतो. शिवाय पाठवायचंच ठरलं तर बोर्डाला आणि पीओंना आधी सांगावं लागेल. परस्पर पाठवलंत आणि तारखेला गैरहजर राहिला तर सगळं अंगाशी येईल.

आणखी एक सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच: 'सुधारण्याचं' शिबिर, नाहीतर अशाच पोरांचं वसतिगृह. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली एक प्रकल्प सुरू झाला. पाचशेहून जास्त मुलगे, निम्म्यांना मार्गदर्शक दिले, सरासरी पाच वर्षं घरी भेटी, अभ्यास, दवाखाना, सगळं. तीस वर्षांनी त्यांचा माग काढला तेव्हा मदत मिळालेल्यांचीच अवस्था जास्त वाईट निघाली. नंतरच्या पाहणीत बोट गेलं ते त्या प्रकल्पातल्या उन्हाळी शिबिरांकडे. जे मुलगे एकाहून जास्त वेळा शिबिराला गेले होते त्यांच्यात नुकसान एकवटलेलं होतं. दहा वांड पोरं एका खोलीत ठेवली की सगळ्यांत वांड असतो तो मास्तर होतो. रिमांड होममधून नवी 'विद्या' शिकून आलेली पोरं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे अमेरिकेतून ऐकायची गरज नाही.

मग माणूस कोण शोधायचा? तुम्ही मावशी आहात, ताण घेऊन प्रश्न विचारताय, म्हणून तुम्हालाच वाटेल की मी करते. तुम्ही मदत करा, पण तो माणूस शक्यतो घराबाहेरचा असू द्या. घरच्या माणसाच्या प्रत्येक वाक्याला मागचा इतिहास चिकटलेला असतो. तालमीतला वस्ताद, गॅरेजचा मालक, कबड्डीचा कोच, पाचवीत त्याला आवडणाऱ्या बाई, शेजारचा एसटीतला कंडक्टर, कोणीही. त्याला मानसशास्त्र येण्याची गरज नाही. त्याला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: ठरल्या दिवशी येणं आणि पोरगं चुकल्यावरही येणं.

दुसरी गोष्ट अवघड आहे. पहिले तीन-चार आठवडे पोरगं गोड वागतं. मग भेट टाळतं, फोन बंद ठेवतं, एखाद्या वेळी पिऊन येतं, नाहीतर मुद्दाम काहीतरी लागट बोलतं. ती परीक्षा असते, 'बघू हा पण जातो का'. बहुतेक माणसं तिथे जातात. "मी एवढा वेळ काढून येतोय आणि याला किंमत नाही" म्हणतात. एकदा मी एका सोळा वर्षांच्या मुलासाठी कॉलेजचा एक विद्यार्थी गाठून दिला होता. हुशार, मनापासून करणारा. तीन महिन्यांनी त्याची परीक्षा आली आणि तो यायचा बंद झाला, निरोपही न देता. मुलगा दर रविवारी चार वाजता चौकात जाऊन थांबायचा, हे मला त्याच्या आईनं नंतर सांगितलं. दीड महिन्यात तो पुन्हा बोर्डासमोर उभा होता. दोष त्या विद्यार्थ्याचा नव्हता, माझा होता. मी त्याच्याकडून वर्षाचा शब्द घेतला नव्हता. नंतर या विषयावरचा अभ्यास वाचला तेव्हा कळलं, की वर्षभर टिकलेल्या जोड्यांमध्ये मुलांना सगळ्यांत जास्त फायदा दिसतो, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्यांत काही मुलं आधीपेक्षा खचलेली निघतात. म्हणून जो माणूस शोधाल त्याला स्पष्ट विचारा: एक वर्ष, आठवड्यातून एकदा, जमेल का? नाही म्हणाला तर त्याचे आभार माना आणि दुसरा शोधा. पैसे देणारा नको, महागडा मोबाईल घेऊन देणारा तर नकोच. चहा पुरे.

आता शिक्षण. इथे घरचे हटकून एक चूक करतात: थेट दहावीचा क्लास लावतात. तुमचा भाचा नववीत नापास झाला म्हणजे नववीचं त्याला येत नव्हतं असं नाही, बहुधा चौथीचंच येत नव्हतं. आठवीपर्यंत ढकलत आणलं, आणि नववीत शाळेला आपल्या दहावीच्या निकालाची चिंता लागते, मग कच्ची पोरं तिथेच गळतात. हे काही एकट्यादुकट्याचं नाही. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२३ साली १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींपैकी जवळपास चौथा हिस्सा आपल्याच भाषेतला दुसरीचा मजकूर सरळ वाचू शकत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं जेमतेम ४३ टक्क्यांना जमत होतं. शहरातल्या वस्तीत यापेक्षा फार वेगळं चित्र असेल असं माझा अनुभव तरी म्हणत नाही. तेव्हा आधी वर्तमानपत्राचा एक परिच्छेद त्याला वाचायला द्या, कोणी बघत नसताना. अडखळला तर शिक्षण तिथून सुरू करायचं, लाजही तिथेच मोडायची.

एका पोराची गोष्ट सांगते, नाव बदलून सागर म्हणू. मोबाईल हिसकावण्याच्या केसमध्ये आला होता, आठवीपर्यंत शाळा. वही दिसली की त्याच्या कपाळावर आठी. घराजवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या उस्तादांना मी विनवलं, यंत्रांपासून लांब ठेवा, पण मापं घ्यायला, मालाची यादी करायला बसवा. उस्ताद शिकलेले सातवी. त्यांनी टेप हातात देऊन सांगितलं, एका इंचात आठ सूत. ग्रिलचं माप काय? सव्वादोन फूट तीन सूत. अर्धा इंच म्हणजे किती सूत? पाव म्हणजे? दोन खिडक्यांची पट्टी मिळून किती लागेल, तुकडा किती उरेल? महिन्याभरात अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पोरगं तोंडी करायला लागलं आणि त्याला पत्ताही नव्हता की हेच ते सहावीचं प्रकरण, ज्यावरून त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं. ज्या दिवशी मी त्याला पुस्तकातलं पान उघडून दाखवलं, तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, हे एवढंच होतं?"

त्यानं मुक्त विद्यालयातून दहावी काढली, एका दमात नाही. पहिल्या वेळी मराठी आणि चित्रकला, मग दोन विषय, इंग्रजीला दोनदा आपटला. मधल्या काळात एकदा भांडणात पुन्हा पोलीस ठाण्यात गेला. त्या रात्री उस्ताद तिथे जाऊन बसले, सकाळी त्याला दुकानात घेऊन आले आणि रोजच्यासारखी यादी करायला लावली, एक शब्द न बोलता. मी असते तर बोलले असते, आणि चुकले असते. पोरगं हळूहळू निवळलं. आज तो ग्रिल आणि शटरची कामं स्वतः घेतो. गाडीचा हप्ता थकला की चिडचिड करतो, तंबाखू सुटलेली नाही. चांगलं चाललंय.

तुमच्या भाच्यासाठी वाटा दोन-तीन आहेत. राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसायचं असेल तर सतरा नंबरचा फॉर्म. त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते, त्यामुळे जवळच्या शाळेत आत्ताच चौकशी करा. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालय, एनआयओएस. माध्यम मराठी मिळतं, पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी. एकेक विषय सोडवत जाता येतो, म्हणून कच्च्या पोराला मी हीच वाट सुचवते. त्यात गणित न घेताही दहावी होते आणि क्लासवाले लगेच तसं करून देतात. थांबा. त्याला पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडला जायचं असेल तर दहावीला गणित आणि विज्ञान लागतं. दोन वर्षांनी हे कळून डोक्याला हात लावलेली पोरं मी पाहिलीत. विषय निवडायच्या आधी त्याला एखाद्या आयटीआयमध्ये नेऊन वर्कशॉप दाखवा. वेल्डरसारख्या काही ट्रेडना आठवी पासवरही प्रवेश असतो, म्हणजे त्याच्याकडे आत्ताच दार उघडं आहे. कुठल्या मशीनसमोर तो थांबतो ते बघा, बोलू नका.

नशेचं मात्र आधी बघा. व्हाइटनर, गांजा, 'बटन' म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या, यांतलं काही चालू असेल तर अभ्यास आणि मार्गदर्शक दोन्ही टिकणार नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. कोणाशी बोलावं कळत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. झोप नीट लागते का, रात्री दचकून उठतो का, हेही विचारा. बारा दिवसांत तिथे काय झालं ते तो आईला सांगणार नाही, तुम्हाला कदाचित सांगेल.

घरात एवढंच करा की जेवताना केसचा विषय नको. ताटावर बसल्यावर बोलणी खावी लागली की पोरगं बाहेर जेवायला लागतं, आणि बाहेर जेवायला घालणारा कोण आहे ते वर लिहिलंच आहे.

या आठवड्यात शाळा सोडल्याचा दाखला आणायला जा. कुठलाही फॉर्म भरा, तो लागणारच. भाच्याला बरोबर न्या, पण गेटबाहेर उभं करू नका, ऑफिसात आत न्या. क्लार्क काही लागट बोललाच तर उत्तर तुम्ही द्या. दाखल्यावर जन्मतारीख आणि आईचं नाव नीट आहे का ते त्यालाच वाचायला सांगा. अडखळला तर घाई करू नका, रांगेत मागे कोणी असलं तरी. आणि बोर्डाची पुढची तारीख कोणती ते मला कळवा.